गाडगं नेमकं कुणाच्या रानात?

"हितंच घावलं बघा म्याडम, ह्या दगडापाशी," हिर्डोशीच्या बाबूआबांनी माळाकडे बोट दाखवलं. मी मान डोलावली, पण मला काही ते पटलं नव्हतं.

मी पुरातत्त्व खात्यात नाण्यांचं काम पाहते. आबांना मातीचं एक गाडगं सापडलं होतं, त्यात दोन हजार वर्षांपूर्वीची नाणी होती. दोन-तीन चांदीची, रोमन बादशहाचं तोंड असलेली. बाकी सगळी आपल्या सातवाहनांची, शिशाची. रोमन म्हटलं की लोकांचे डोळे लकाकतात. माझा जीव मात्र शिशात अडकला होता. चांदी व्यापाऱ्याच्या कमरेला बांधून कुठूनही कुठे जाते. शिशाची नाणी म्हणजे चिल्लर. वजनाला जड, किमतीला हलकी. ती लांबवर कोण वाहून नेणार? एवढी चिल्लर साठली म्हणजे जवळपास बाजार असणार, वस्ती असणार. वरंधा घाटाच्या वाटेवर अशी वस्ती अजून कुणाला मिळाली नव्हती आणि मला ती हवीच होती.

त्यासाठी फाइंडस्पॉट लागतो, म्हणजे वस्तू नेमकी सापडली ती जागा. "तो पक्का नसेल तर खोदायची परवानगी विसरा," साहेबांनी फोनवर बजावलं होतं.

गाडग्यात काळी, चिकट माती होती. माळावर नुसता मुरूम. तशी काळी माती खाली, आबांच्या भातखाचरात होती. रोपं तयार होती, लावणी तोंडावर आलेली. सरकार खाचरात घुसलं तर वर्षाचा भात गेला, ही त्यांची धास्ती मला कळत होती. पण वडीलधाऱ्या माणसाला 'खोटं बोलताय' कसं म्हणायचं?

तेवढ्यात आबांचे चुलतभाऊ, तुकाअण्णा, धापा टाकत आले. माळ त्यांचा होता.

"माज्या माळात घावलं न्हवं? मग मोबदला माजा. लिवून घ्या म्याडम!"

मी गंभीर चेहऱ्याने पेन काढलं. आबा लालबुंद झाले.

"तुज्या माळात कुसळ उगवत न्हाई, नाणी कुठनं उगवायची? माज्या खाचरात घावलंय! बांध घालताना!"

पार्वतीकाकूंनी, आबांच्या बायकोने, तोंडाला पदर लावला. "सकाळधरनं घोकत हुते, माळ म्हनायचं, माळ म्हनायचं!"

आबा मटकन दगडावर बसले. "म्याडम, तेवडी लावनी बुडवू नका."

"भात कापल्याशिवाय कुदळ लावणार नाही," मी म्हणाले आणि तिथूनच साहेबांना फोन लावला.

"खातं काय भाताच्या वेळापत्रकावर चालतं?" साहेब कडाडले.

"यंदा चालवूया सर. पावसाळ्यात खाचरात खड्डा घेतला तर फक्त बेडूक मिळतील."

साहेब हसले, तेव्हाच काम झालं.

कापणीनंतर खोदलं. चोपून केलेली घराची जमीन, चूल, खापरं आणि चुलीजवळ सांडलेली आणखी शिशाची नाणी. वस्ती होती! मी खड्ड्यातच टाळ्या वाजवल्या. मग खड्डे बुजवून आबांना बांध पुन्हा घालून दिला.

फाइंडस्पॉट पक्का करायच्या बऱ्याच पद्धती पुस्तकात दिल्या आहेत. मी हल्ली त्यांच्याआधी शेजारच्या रानाच्या मालकाला चहाला बोलावते.