झेबाची लेखनिक

रेल्वे इंजिनियरची मुलगी मैत्रेयी लखनौला आली ती वडिलांच्या चौथ्या बदलीत. "दोन वर्षांच्या गावात कशाला जीव गुंतवायचा?" आई म्हणायची. तरी कॉलेजातली नोटीस वाचून हिनं नाव दिलंच, आणि झेबा नावाच्या अंध मुलीची परीक्षेतली लेखनिक झाली.

झेबा इतिहासाची उत्तरं सांगायची, मैत्रेयी लिहायची. पानंच्या पानं तोंडपाठ, तीही परिच्छेदांसकट! मैत्रेयी ऐकतच राहिली. शेवटच्या प्रश्नाला मात्र झेबा अडली. उत्तर मैत्रेयीला येत होतं. तिला राहवेना, हळूच तिनं पदरची एक ओळ घातली.

"मैं तो चुप हूँ," झेबा म्हणाली, "फिर आपका पेन क्यों चल रहा है?"

असा कान, असा ताठ कणा मैत्रेयीनं जन्मात पाहिला नव्हता. तिनं ओळ खोडली.

बाहेर येताच झेबानं तिचा हात धरला. "कल भी आप ही आइए."

आता कॉलेजात लेखनिक व्हायला कुणी "मला जमेल का?" म्हणून बिचकलं, की मैत्रेयी सांगते, "अक्षर बरं असलं की झालं. फक्त सांगणारी गप्प झाली, की पेन खाली ठेवायचं."