हलकी जोडी

स्वातीचा हात खांद्याच्या वर जाईना. जिमच्या मागच्या भिंतीला टेकून ती उभी होती. केस बांधायला हात उचलायची आणि तोंड वाकडं करून खाली घ्यायची. सुट्टीनंतरचा तिचा तो पहिला दिवस.

"काय झालं गं?"

"काही नाही वस्ताद. छातीत गाठ होती. काढली."

मी बाकावर बसलो. माझी बायको शकू छातीतल्या गाठीनंच गेली. तिचं वर्षश्राद्धही अजून व्हायचं होतं.

माझं तोंड बघून स्वाती घाबरली. शेजारी बसली, आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं आणि म्हणाली, "वस्ताद, खोटं बोलले. गाठबिठ काही नव्हती. छाती भरून घेतली. सिलिकॉन."

कळायला वेळ लागला. कळल्यावर राग आला.

"चांगली छाती चिरून घेतलीस? कशापायी?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"नाय कळत. सांग."

"शाळेपासून व्यायाम करते. अंगावर मांस ठेवलं नाही. दुकानात गेलं तर मागून 'ओ सर' म्हणतात. आरशात मी मला अर्धीच दिसायचे. कुणासाठी नाही केलं. माझ्यासाठी केलं."

मला शकू आठवली. शकूची एक बाजू काढली होती. घरात आम्ही दोघंच. तरी अंघोळ झाली की ती आधी ब्लाऊजमध्ये कापूस भरायची, मग चहा ठेवायची. एकदा मी म्हटलं, कोण बघतंय? ती म्हणाली, मी बघते ना.

मी कोण, ते सांगतो. पंचवटीत आज ही जिम आहे तिथं आधी तालीम होती. मी तिथला वस्ताद, म्हणजे कुस्ती शिकवणारा. शाळा सातवीत सुटली. मालकाच्या नातवानं, विकीशेठनं, तालीम पाडून काचेची जिम केली. कोपऱ्यातला मारुती आणि मी, एवढंच जुनं ठेवलं. सकाळची लेडीज बॅच स्वातीची. मी म्हातारा, म्हणून बायकांना माझी अडचण नाही. मशिनी पुसतो, वजनं जागेवर लावतो, कुणाची कंबर वाकडी दिसली की ओरडतो.

स्वातीनं मला सगळं समजावून सांगितलं. सिलिकॉनची पिशवी असते. तिची छातीच्या स्नायूखाली बसवली होती. आपलं शरीर त्या पिशवीभोवती हळूहळू एक आवरण धरतं. ते पक्कं होईपर्यंत स्नायूला ओढ बसली तर पिशवी सरकते, आत रक्त साकळू शकतं. म्हणून चालायला परवानगी, पायांचे हलके व्यायाम चालतील. जोर, बेंच प्रेस, म्हणजे उताणं झोपून बार ढकलणं, डॉक्टर सांगेपर्यंत बंद. हात हळूहळू वर न्यायला हरकत नाही.

हे शेवटचं ऐकून मला बरं वाटलं. ते मला येत होतं. शकूला डॉक्टरनी तेच सांगितलं होतं. भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर चढवायची, दुखलं की थांबायचं. स्वयंपाकघरात मी पेन्सिलीनं खुणा करायचो, आज कुठवर पोचली. आता मारुतीशेजारच्या भिंतीवर स्वातीच्या खुणा करू लागलो. खूण वर सरकली की ती म्हणायची, "वस्ताद, ऑलिम्पिकला जाऊ का?" त्या दिवसांत शकू गेल्यापासून पहिल्यांदा मी सकाळची वाट बघितली.

बॅच मात्र अवघड झाली. स्वाती तोंडानं सांगायची आणि बायका करायच्या. सोनवणेकाकू जाडजूड, तोंडाच्या फटकळ. एक दिवस डंबेल खाली ठेवून म्हणाल्या, "मॅडम, तुमचं बरंय. जीभ तेवढी बारीक होणार तुमची."

सगळ्या हसल्या. स्वातीही हसली. विकीशेठ नाही हसला. स्वातीच्या सुट्टीत त्यानं रिया नावाची नवी ट्रेनर ठेवली होती, ती सगळं स्वतः करून दाखवायची.

"वस्ताद, स्वाती मॅडमचं काय चाललंय? टायफॉइड झाला म्हणाली. टायफॉइडनं माणूस एवढा मऊ पडतो?"

"पडतो की."

"मग बरी होऊन येऊ द्या तिला. बॅच रियाला देतो."

"दसऱ्यापर्यंत थांब," मी म्हटलं.

दसऱ्याचं नाव मी उगाच काढलं. दसऱ्याला आमच्याकडं सगळ्या साधनांची पूजा होते. पूजेनंतर शिकवणाऱ्यानं मारुतीपुढं जोडी फिरवायची. जोडी म्हणजे दोन लाकडी मुद्गल. खांद्यावरून पाठीमागं सोडायचे आणि झोक्यानं पुढं आणायचे. जो फिरवणार नाही त्यानं त्या वर्षी तिथं शिकवायचं नाही. जुन्या मालकांच्या वेळची रीत. विकीशेठ बाकी काही पाळत नाही, पण हे पाळतो, कारण त्याचा व्हिडिओ चांगला येतो. माझ्या घरात वर्षभर सण नाही, त्यामुळं मला पूजेची जोडी फिरवता येत नव्हती.

आदल्या दिवशी स्वातीनं विचारलं, "डॉक्टरना फोन करू का?"

मी माळ्यावरून पोरांची जोडी काढली. शाळेतल्या पोरांना शिकवायची, लाकडाची, पोकळ. तिच्या हातात दिली.

"हलकी आहे का?"

"खेळण्यासारखी आहे."

"मग एवढ्याला काय विचारायचं? घरी लाटणं उचलतेस ना?"

ती म्हणाली, "ते पण खरंच."

दोघांनाही पटलं. आम्ही व्यायामातली माणसं. आम्हाला सगळं किलोत कळतं. किलो नाही म्हणजे धोका नाही.

दसऱ्याला बायका साड्या नेसून आल्या. डंबेलला झेंडू, ट्रेडमिलला आंब्याचा डहाळा. विकीशेठनं मोबाइल धरला. स्वातीनं पदर खोचला आणि जोडी घेतली. पहिला फेर झकास निघाला. दुसऱ्या फेराला कोपर मागं गेलं, मुद्गल झोक्यानं पुढं आला आणि तिचा चेहरा एकदम पांढरा झाला. थांबली नाही. फेर पुरे केले. जोडी मारुतीपुढं ठेवली आणि एकाच हातानं नमस्कार केला.

सोनवणेकाकूंनी टाळ्या वाजवल्या. "वाघीण आहे आमची!"

मी त्या एका हाताकडं बघत होतो.

संध्याकाळपर्यंत डावी बाजू दगडासारखी झाली. मी रिक्षा करून दवाखान्यात नेली. बाई डॉक्टर होत्या, वयानं लहान. त्यांनी विचारलं, "काय केलंत?"

"काही वजन नाही उचललं," मीच बोललो. "जोडी होती, एकदम हलकी."

"बाबा, वजन नाही विचारत. हात कुठं गेला ते दाखवा."

मी रिकाम्या हातानं जोडी फिरवून दाखवली. हात खांद्यावरून मागं, झोक्यानं पुढं. अर्ध्यातच मला कळलं. भिंतीवर बोटं हळू चढवणं वेगळं आणि हा झटका वेगळा. डॉक्टर लगेच उठल्या. नर्सला हाक मारून आत गेल्या.

आत रक्त साकळलं होतं, पिशवी सरकली होती. पुन्हा उघडावं लागलं. नंतर तिथं पू झाला, म्हणून ती पिशवी काढलीच. दुसरी बाजू चांगली होती. स्वातीनंच सांगितलं, तिकडचीही पिशवी काढा.

एवढं झाल्यावर काही लपून राहत नाही. गाठ असती तर बायका डबे घेऊन गेल्या असत्या. आता ड्रेसिंग रूममधून नुसतं हसणं ऐकू यायचं. सोनवणेकाकू तेवढ्या दोनदा दवाखान्यात जाऊन आल्या, त्यांचं नाव घेतलं पाहिजे. बॅच रियाला गेली.

स्वाती मनमाडला भावाकडं गेली. शकूचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी भेटायला गेलो. ती ओढणी दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेऊन बसली होती. घरात आम्ही दोघंच होतो.

"चालायला जातेस का?"

"नाही."

"डॉक्टरनी परवानगी दिलीय ना? भिंतीचा व्यायाम?"

"दिलीय."

"मग करत का नाहीस, पोरी?"

"हात वर नेऊन धरायचं काय, वस्ताद?"

तिनं चहा केला. तो पिऊन मी स्टेशनवर आलो.

आता ऑपरेशन झालेलं कुणी जिममध्ये आलं आणि "वस्ताद, काय करू?" म्हणालं, की मी डॉक्टरकडं पाठवतो. किती वजन उचलू, हे विचारू नका म्हणतो. हात कुठवर न्यायचा आणि किती जोरात, ते विचारा. लोकांना वाटतं म्हातारा कामचुकार झाला.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी जिमला रंग दिला. स्वातीच्या खुणा गेल्या. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर शकूच्या अजून आहेत. शेवटची खूण माझ्या खांद्याशी येते. तिच्या वर भिंत कोरी आहे.