मैदानावरचं कुत्रं

मॅरेथॉनच्या तयारीसाठी पन्नाशीत धावायला लागलो, तेव्हा पहिल्याच फेरीत माझ्या धापा ऐकून झाडावरचे कावळे गाव सोडून गेले. पोट वीतभर पुढे धावत होतं आणि पाय त्याची समजूत काढत मागून येत होते.

मैदानाच्या फाटकाशी एक तांबडं कुत्रं बसतं. धावणारा दिसला की थेट त्याची पोटरी धरायला जातं. मी धावत त्याच्यासमोर आलो आणि घाबरून जागीच उभा राहिलो. त्यानं एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि पुन्हा मिटला.

योगाची चटई काखेत घेऊन चाललेली एक बाई म्हणाली, "घाबरू नका हो काका, ते फक्त पळणाऱ्यांच्याच मागे लागतं!"

हे मला नवीन नव्हतं. ऑफिसात पूर्वी माझे पाय ओढायला चारचौघं टपलेली असत. आता तीच माणसं मला चहा आणून देतात. बायको कडाकडा भांडायची, ती हल्ली नुसतं "बरं" म्हणते. माणूस शर्यतीतून बाद झाला की जग त्याच्याशी फार गोड वागतं.

दुसऱ्या फेरीला मी कुत्र्यासमोरून मुद्दाम असा पळालो, की शेजारच्या तालुक्यात भांडी पडली असतील. ते उठलं! माझा ऊर भरून आला. म्हटलं, चाव बाबा, एकदा तरी चाव.

त्यानं शेपटी हलवली, आणि मी जीव तोडून पळत असताना ते माझ्या शेजारून सावकाश चालत राहिलं.