उजवी मूठ

शेजारी कोणीतरी पडवीला फायबरची शीट बसवतंय. ड्रिल आत शिरलं की तो वास सुटतो, जरासा गोड, घशाला टोचणारा, आणि मी चहा तसाच ठेवून उठतो, खिडकी लावून घेतो. बायको आता कारण विचारत नाही.

पेणच्या आमच्या अंगणात हा वास एकदा मीच पसरवला होता. तेव्हा मी रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचो. मोटारसायकल नवी होती, पण उघडी. पुढे नुसता दिवा आणि मीटर. हिवाळ्यातल्या पहाटे नागोठणं मागे पडलं की वारा छातीत शिरायचा. घरात मी वाऱ्याचंच कारण सांगितलं. खरं तर मला शर्यतीच्या गाडीचं ते रुबाबदार तोंड हवं होतं. म्हणून फायबरचं फेअरिंग मागवलं, म्हणजे गाडीच्या पुढ्यात बसवायचं ते कवच, आणि गौरी-गणपतीला दोन-अडीच महिने असताना पावसाने उघडीप दिलेल्या एका रविवारी अंगणात गोणपाट अंथरून बसलो.

माझा थोरला भाऊ गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. मूर्ती रंगवून तयार झाली तरी त्याचा ब्रश फिरेपर्यंत ती नुसती माती असायची. श्वास रोखून तो एक रेघ ओढायचा, आणि समोरून कोणीतरी आपल्याकडे पाहू लागायचं. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. क्लॅम्प जुळेनात, तेव्हा त्याने पुठ्ठा कापून माप काढलं, पट्टी वाकवली, भोकं कुठे पाडायची तिथे ब्रशने ठिपके दिले. संध्याकाळपर्यंत फेअरिंग बसलं. मी लांब जाऊन गाडीकडे बघत राहिलो. तो माझ्याकडे बघत होता.

"हँडल पुरतं वळवून बघ दोन्हीकडं," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

मी वळवून पाहिलं. उजवीकडे ठीक होतं. डावीकडे पूर्ण वळवलं की उजवी मूठ पुढे जाऊन फायबरला टेकत होती. ब्रेकवर बोटं असतील तर ती मधे सापडली असती. तेवढा काठ कापायला हवा होता. पण कापला असता तर त्या बाजूची सगळी रेघ बिघडली असती.

"लागतंय काय कुठं?" त्याने मोरीतून विचारलं.

"नाय," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी कापू, असं मनाशी ठरवलं होतं. त्याआधीच, गुरुवारी, तो आत्याकडे खांब गावाला निघाला आणि माझी गाडी मागितली. मी किल्ली दिली. आणखी एक वाक्य द्यायला हवं होतं, ते दिलं नाही. खांबला हायवे सोडून डावीकडच्या अरुंद गल्लीत वळताना मूठ अडकली, हँडल सरळ होईना, गाडी हळूच कलंडली. बाकी अंगावर ओरखडाही नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं मात्र चिरडली, ब्रश धरायची.

बोटं जुळली, पण वाकेनात. त्या वर्षी आखणीला दुसरा माणूस आला. भाऊ रंग कालवू लागला, पॉलिशपेपर मारू लागला. कुरकूर त्याने कधी केली नाही, आणि त्यामुळेच मला त्याच्यासमोर जेवायला बसणं जड जाऊ लागलं. फेअरिंग मी काढून भंगारात दिलं.

बऱ्याच वर्षांनी, त्याच्या मुलीच्या साखरपुड्यानंतर आम्ही दोघेच बसलो होतो, तेव्हा मी सांगून टाकलं. मूठ टेकते हे मला आधीच माहीत होतं, म्हणालो.

तो म्हणाला, "मलाबी ठाव व्हतं. अंगणातून गाडी वळवतानाच मूठ टेकली."

"मग नेलीस कशाला?"

"तू एवढा खूश व्हतास. म्हटलं, आल्यावर सांगू. लगेच काय बिघडतंय."

त्या उत्तराने माझं ओझं हलकं व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. माझ्या गप्प राहण्यात हौस होती आणि त्याच्या गप्प राहण्यात माया. रस्त्यावर दोन्हींचं मोल सारखंच ठरलं. वर्षं गेली तशी पुष्कळ गोष्टींची धार बोथट झाली. मोरीतून आलेला तो प्रश्न मात्र अजून तितक्याच सहजपणे कानावर येतो, आणि मी अजूनही प्रत्येक वेळी खरं उत्तर देतो, मनातल्या मनात.