खंडेनवमीला धुतलेला दगड

लोह्याला माझी बोअरची गाडी आहे, स्वतःच्या जिवावर उभी केलेली. मुलीनं लातूरचा नीटचा क्लास सोडून नांदेडला भूगर्भशास्त्र घेतलं, तेव्हा माझा मेव्हणा पाहुण्यांदेखत म्हणाला होता, "दाजी, बापानं दगड फोडले, आता लेक मोजंल." ते मी विसरलेलो नाही.

मुलगी आता संशोधन करते. गोदावरी समुद्राला मिळते तिकडं, आपल्याकडच्यासारख्याच काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये जुन्या समुद्राच्या गाळाचा दगड सापडतो. त्याचं वय ती काढते. त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे शिंपले असतात. कुठले कोणत्या काळातले, हे जाणकारांना ठाऊक असतं. शिवाय गाळ बसताना त्यातले लोहाचे कण पृथ्वीच्या तेव्हाच्या चुंबकाची दिशा धरून ठेवतात, आणि हे चुंबक मधूनमधून उलटत आलंय. दोन्ही खुणा जुळल्या की वय हाती लागतं. मात्र दगडाची वरची बाजू पक्की माहीत हवी. म्हणून तिनं प्रत्येक तुकड्यावर बाण काढला होता.

गेल्या खंडेनवमीला ती ते तुकडे घेऊन घरी आली. बायकोनं बोअरचे बिट, पाने, टिकाव धुऊन पूजेला मांडले. "पोरीचंबी हत्यारच की हे," म्हणत दगडही काथ्यानं घासले, हळदीकुंकू वाहिलं. बाकी बाण पुसट का होईना, राहिले. एक तुकडा कोरा झाला. ज्यात चुंबक उलटल्याची खूण मिळेल असं तिला वाटत होतं, नेमका तोच.

मी घर डोक्यावर घेतलं. मेव्हणा जेवायला आलेलाच होता.

"घ्या दाजी, समुद्र पालथा झाला!"

"तू गुमान जेव," मी ओरडलो. मग मुलीला म्हणालो, "अंदाजानं मार की बाण. थोडं इकडंतिकडं चालतंय."

"बाबा, वर नाहीतर खाली, दोनच भाव हायत. मधला कुठला देऊ?"

बायकोचे डोळे भरले. मुलगी तिला म्हणाली, "आई, एवढ्या नटलेल्या दगडावर कुणी पीएचडी केली नसंल."

नांदेडला परतल्यावर तिनं त्या तुकड्याच्या एका टोकाला खाच पाडली, मग खाचेसकट त्याची कागदासारखी पातळ उभी चकती कापली आणि मला बोलावून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. इवलासा शिंपला. अर्धा करड्या गाळानं भरलेला, उरलेल्या पोकळीत पांढरे स्फटिक.

"गाळ तळाला बसतो, बाबा. खाचेकडं गाळ हाय, म्हणजे खाच खाली."

"एकावर सौदा होत न्हाई. दुसरा दाखव."

तिनं दुसरा दाखवला, तिसरा दाखवला. मी चकती सरकवायला लावत राहिलो. गाळ दरवेळी खाचेकडंच. एकही शिंपला साक्षीदारासारखा फुटला नाही.

"पटलं?"

"पटलं. मार बाण."

या खेपेला तिनं पेन घेतलंच नाही. करवतीनं दगडावर बाण कोरला आणि म्हणाली, "आईला सांगा, आता खुशाल घास."