अर्पणपत्रिकेतली दुरुस्ती

मालवणात त्या वर्षांत एक लहानसे प्रकाशन चालत असे. वर्षाला चार पुस्तके, प्रत्येकाच्या तीनशे प्रती. मालक निवृत्त शाळामास्तर. बाजारातल्या घराच्या पडवीत त्यांनी पायाने चालवायचे छापयंत्र बसवले होते. हाताखाली अक्षरांचे खिळे जुळवणारा एक जुळारी आणि प्रुफे वाचायला मी. चारही पुस्तके अक्षय्य तृतीयेला एकदम बाहेर पडत. त्याला साधे कारण होते. त्यानंतर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामे सुरू होत, बोटी बंद होत आणि पार्सले अडकून पडत. शिवाय पावसात कागद ओल धरतो.

मी कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदवहीच्या टेबलावर होतो. प्रुफे रविवारी सकाळी वाचत असे. मोबदला घेत नव्हतो, मला ते काम आवडत होते. पानात किती ओळी, कोणत्या पानावर शेवटी एकच शब्द लोंबकळतो आहे, अनुक्रमणिकेतला आकडा आणि पानावरचा आकडा जुळतो की नाही, हे माझ्या नजरेतून सुटत नसे. जुळारी माझी थट्टा करायचा.

"भाऊसाहेब, वळी किती, खिळे किती, सगळा तुमका पाठ. आता पुस्तकात गोष्ट काय आसा ती सांगा बघूया."

मला पुष्कळदा सांगता येत नसे. तेव्हा त्याचे मला काही वाटत नव्हते.

साठ साल उलटून गेल्यावरची गोष्ट. त्या वर्षीच्या नव्या पुस्तकांत एका शिक्षिकेचे पुस्तक होते. आचऱ्याच्या वाटेवरच्या एका गावात त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. आम्ही त्यांना बाई म्हणत असू. दर्यावर गेलेल्या माणसांच्या घरी मागे काय काय चालते, याच्या त्या आठवणी होत्या. एकशे बारा पाने. चार पुस्तकांत तेच सगळ्यांत चांगले होते, असे मालकांचे मत. मला त्यात सतरा चुका सापडल्या आणि त्या सर्व जुळाऱ्याच्या होत्या, बाईंची एकही नव्हती.

बाईंचे यजमान गलबतावर होते. एका फाल्गुनात पाच माणसे घेऊन ते गलबत मंगळुरी कौले आणायला निघाले आणि मंगळूरला पोचलेच नाही. कारवारच्या पुढे दुसऱ्या एका गलबताने त्यांचे शीड पाहिले होते, तेवढीच खबर. फळी नाही, कपडा नाही, काही हाती लागले नाही. हे सारे पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात होते.

सुरुवातीची पाने, म्हणजे नावाचे पान, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका, आमच्याकडे सगळ्यांत शेवटी जुळवत. चैत्रातल्या एका रविवारी त्यांचे प्रूफ माझ्यापुढे आले. अर्पणपत्रिकेत एवढेच होते: 'माझे यजमान', त्याखाली 'श्री.' लावून त्यांचे नाव, आणि 'यांस'.

मी तिथे थांबलो. शेवटच्या प्रकरणातले साल माझ्या डोक्यात होते. आमच्याकडे माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षे वाट पाहतात. मग दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, आणि तिथपासून तो माणूस गेला असे धरतात. बारा वर्षे नुकत्याच संपलेल्या फाल्गुनात भरली होती. गलबतावरच्या बाकी चार घरांत त्याच महिन्यात विधी झाल्याचे मी ऐकले होते. बाईंनी हस्तलिखित दिले होते दिवाळीला. म्हणजे त्यांनी लिहिले तेव्हा 'श्री.' बरोबर होते आणि पुस्तक बाहेर पडेल तेव्हा चूक ठरणार होते. मी 'श्री.' खोडले आणि समासात 'कै.' लिहिले.

मालकांनी विचारले, "बाईंना विचारलंत का?"

"त्यात विचारायचं काय? बारा वर्षं झाली. हिशेब सरळ आहे."

"तरी एक कार्ड टाकलं असतं."

"उत्तर येईपर्यंत फर्मा अडकून राहील. खिळे पुढच्या पुस्तकाला हवेत."

ते खरे होते. आमच्याकडे खिळे इतके कमी होते, की एक फर्मा, म्हणजे आठ पाने, छापून खिळे सोडल्याशिवाय पुढची आठ पाने जुळवता येत नसत. मालकांनी प्रुफावर सही केली आणि दुपारपर्यंत तीनशे प्रती छापून झाल्या.

कचेरीत मी दोन साक्षीदारांच्या सह्यांशिवाय एकही मृत्यू कधी नोंदवला नव्हता, हे इथेच सांगून ठेवतो.

अक्षय्य तृतीयेला सकाळी मालक नव्या पुस्तकांची एकेक प्रत ग्रामदेवतेच्या देवळात नेऊन ठेवत आणि गावचे मानकरी त्यांच्या वतीने गाऱ्हाणे घालत. हा मालकांचा स्वतःचा रिवाज. होडी पाण्यात घालताना गाऱ्हाणे घालतात, मग पुस्तकाला का नको, असे ते म्हणत. त्या सकाळी तीस-चाळीस माणसे जमली होती. बाई पहिल्या बसने आल्या होत्या, सोबत त्यांच्या सासूबाई. सत्तरीच्या पुढची, काटक, नऊवारीतली म्हातारी. तिला वाचता येत नव्हते.

मानकऱ्यांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आज ह्या तुझ्या लेकरांनी चार पुस्तकां छापून तुझ्या पायांकडे ठेवली हत, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण ती इकत घेयत तेका बुद्धी दी, आणि जो फुकट मागून नेयत तेका दोन दिवस आधी दी रे म्हाराजा!"

हसू पसरले आणि "व्हय म्हाराजा" विस्कळीत झाले. नारळ फुटला. लोक पुस्तके हातात घेऊन पाहू लागले. म्हातारीने सुनेच्या पुस्तकाची प्रत उचलली आणि शेजारी उभ्या असलेल्या जुळाऱ्यापुढे धरली.

"रे, तूच छापलंस मां ह्या? माझ्या झिलाचा नाव खंय आसा ता दाखव. सून म्हणता, पयल्याच पानार आसा."

"आसा तर! मीच जुळवलंय," तो म्हणाला आणि पान उघडून मोठ्याने वाचू लागला. वाचताना त्याच्या ध्यानात आले नाही. 'कै.'चा उच्चार त्याने पुरा केला, कैलासवासी, आणि पुढे नाव वाचले. मग तो थांबला.

म्हातारी म्हणाली, "परत वाच."

तो वाचेना. बाईंनी त्याच्या हातातून पुस्तक घेतले, पान पाहिले आणि माझ्याकडे आल्या. देवळात इतका वेळ त्या मालवणीत बोलत होत्या. माझ्याशी शाळेतल्या भाषेत बोलल्या.

"हे कोणी केलं?"

"मी."

"तुमच्याकडे नोंद आली का?" त्यांचा आवाज फार खाली गेला होता. "कुठून आली? कारवारहून?"

त्या काय समजल्या ते तेव्हा माझ्या ध्यानात आले. मी मृत्यूच्या वहीवरचा कारकून. मी 'कै.' लिहिले, त्या अर्थी मला काहीतरी कळले असणार.

मी म्हणालो, "नाही, नाही. नोंद वगैरे काही नाही. बारा वर्षं भरली म्हणून मी आपलं..."

"बारा वर्षं भरली ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "आईंनी विधी करू दिला नाही. त्या नाही म्हणाल्या म्हणून मीही थांबले."

म्हातारी एव्हाना आमच्याजवळ आली होती. मालक पुढे झाले. "काकी, चूक झाली. छापण्यातली चूक आहे. आम्ही सुधारतो."

"चूक कशी जायत?" म्हातारी म्हणाली. "ह्यो कचेरीतलो भाऊसाहेब मां? मेलेल्यांची वही ह्याच्याकडेच आसता. ह्याणी लिवल्यान." मग सुनेकडे वळून, "तुका म्हायत होता, गो. माका सांगूक नाय. मगे मी बारा वर्सां कोणासाठी ताट वाढतंय?"

"आई, तसां काय नाय. ह्यांनी नुसती वर्सां मोजली."

"फसव नको माका."

त्याच दिवशी मी दोघींना कचेरीत नेले. सुट्टी होती, शिपायाकडून किल्ली घेतली. बारा वर्षांच्या वह्या टेबलावर काढल्या आणि त्यांच्या गावाची पाने एकेक करून उलटली. प्रत्येक नाव मोठ्याने वाचले. दोनशे चौदा नावे झाली. म्हातारी बाकावर ताठ बसून ऐकत होती. काही नावांना ती मान हलवी, ती माणसे तिच्या ओळखीची होती.

"बघा, यात तुमच्या मुलाचं नाव नाही," मी म्हणालो.

ती म्हणाली, "तू वाचतंस ता माका काय कळता? तिकडे देवळात त्या जुळाऱ्यान पानाकडे बघून वाचल्यान. तू माझ्या तोंडाकडे बघून वाचतंस."

मी वह्या मिटल्या. बाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या.

तीनशेपैकी सव्वीस प्रती त्या दिवशी लोकांच्या हाती गेल्या होत्या. राहिल्या दोनशे चौऱ्याहत्तर. मालकांनी 'श्री.'च्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. करंगळीच्या नखाएवढी एकेक चिठ्ठी. 'कै.'वर ती नीट बसवायची, वर टीपकागद दाबायचा, वाळली की पुस्तक मिटायचे. हे काम मी कोणाला करू दिले नाही. दोन रविवारांत एकशे चाळीस प्रती झाल्या. तिसऱ्या रविवारी पडवीत बसतो न बसतो तोच जुळारी आला. तो आत आला नाही, पायरीवरच उभा राहिला.

"थांबा, भाऊसाहेब. चिकटवू नकात. परवा झाला ता."

"काय झालं?"

"म्हातारेन भटजीक बोलवल्यान. पाऊस लागायच्या आधी करून घेवया म्हणाली. दर्भाचो पुतळो केलो, अग्नी दिलो. बाईंनी काय एक म्हणूक नाय."

हातातल्या चिठ्ठीला खळ लावलेली होती. ती कुठे लावावी ते मला समजेना. चिकटवलेल्या एकशे चाळीस प्रती आता चूक होत्या. न चिकटवलेल्या एकशे चौतीस बरोबर होत्या, आणि बाहेर गेलेल्या सव्वीससुद्धा. मालक म्हणाले, आता आहे तसे राहू द्या. ते पुस्तक तसेच विकले गेले. काहींच्या घरी तो माणूस जिवंत आहे, काहींच्या घरी नाही. अजून कोणाकडे ती प्रत दिसली की मी पहिले पान बोटाने चाचपून पाहतो. चिठ्ठी असली तर हाताला कड लागते.

पुढच्या वर्षी मालकांनी नव्या-जुन्या पुस्तकांचे पत्रक काढायचे ठरवले. पुस्तकावर बाईंचे नाव 'सौ.' लावून छापलेले होते. या वेळी मी कार्ड लिहिले. नावामागे काय छापावे, आपण सांगाल तसे करू. आठव्या दिवशी उत्तर आले. नुसते नाव छापावे, एवढेच त्यात होते. तसे छापले. मालकांनी मग कोणाच्याच नावामागे काही लावले नाही, म्हणजे एकट्या बाईंचे नाव उघडे दिसू नये.

पण मला एक नवी सवय लागली. बोटीच्या दिवशी मी बंदरावर जाऊ लागलो. मुंबईची आगबोट लांब उभी राही आणि उतारू होडीतून येत. मी धक्क्यावरच्या एका कडेला उभा राहून ते मोजत असे. बाईंचे यजमान आलेच तर काय, हा प्रश्न मी स्वतःला कधी उघडपणे विचारला नव्हता. एका रविवारी होडीतून एक पन्नाशीचा माणूस उतरला. उन्हाने काळवंडलेला, चाल खलाशाची, हातात पत्र्याची एकच पेटी. त्याने माझ्यासमोरच एकाला विचारले, "आचऱ्याची गाडी खंय लागता?"

मी त्याच्यामागून एस.टी.च्या थांब्यापर्यंत गेलो आणि तिथे धीर करून त्याचे नाव विचारले. त्याने सांगितले. तो दुसराच कोणी होता, बहिणीकडे चालला होता. मी सुटल्यासारखा श्वास सोडला. त्यानंतर मला कळले, की धक्क्यापासून थांब्यापर्यंत पाऊलभरसुद्धा तो बाईंचा नवरा निघावा असे माझ्या मनात आले नव्हते. तो नसावा, हेच मी म्हणत होतो. तो असता तर माझा बारा वर्षांचा हिशेब चुकला असता.

मी वळलो तर, जिथून धक्का सरळ दिसे त्या थांब्याच्या छपराखाली बाई उभ्या होत्या. कपाळ मोकळे, हातात शाळेची पिशवी. त्यांनीही त्या माणसाकडे पाहून घेतले होते आणि आता माझ्याकडे पाहत होत्या. रविवारी शाळा नसते. त्या कशासाठी आल्या होत्या ते मी विचारले नाही, त्यांनीही मला विचारले नाही.

मग त्या म्हणाल्या, "आज किती उतरले?"

"एकतीस."

"बायका धरून?"

"बायका धरून."

"मग माझंही बरोबर," त्या म्हणाल्या आणि गाडी लागली तशी तीत जाऊन बसल्या.