गवताची टोपी

आमचे धाकटे भाऊजी आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांना "खालची ओळ वाचा" म्हणतात आणि रविवारी बिनइंजिनाच्या विमानात बसून आभाळात जातात. माणूस गरीब, पण स्वतःची चेष्टा सोसवत नाही. सगळा घोळ तिथेच.

त्यांच्या क्लबात एक रीत आहे. धावपट्टीपर्यंत न पोचता जो अलीकडच्या कोबीच्या शेतात उतरेल, त्याने संध्याकाळपर्यंत गवताची टोपी घालून हिंडायचं. गेल्या वर्षी भाऊजी उतरत होते. वर समोरून चांगला वारा होता, तो कुंपणाच्या झाडांजवळ एकाएकी पडला. विमानाचा वेग घटला, ते खाली बसू लागलं. अशा वेळी तोंड खाली करून वेग राखायचा असतो. भाऊजींना मात्र टोपी दिसली! त्यांनी दांडा ओढून तोंड वर केलं, होता तो वेगही गेला आणि विमान पोत्यासारखं आदळलं. मग दोन महिने पाठीला पट्टा.

"पण आदळलो ते धावपट्टीवर," असं पलंगावरून सगळ्यांना ऐकवत होते.

काल त्यांची परीक्षा होती. क्लबात उडायला शिकवणाऱ्या मास्तरीणबाई मागच्या सीटवर बसणार. पुन्हा दांडा ओढला तर उडणं कायमचं बंद. सकाळी मी देवापुढे दिवा लावला.

"वहिनी, काय मागितलंत?"

"तुम्हाला पट्टीवर आणायला सांगितलं."

माझी धाकटी जाऊ उसळलीच. "अहो ताई, पट्टीच्या हट्टापायी तर पाठ मोडून घेतली! कोबीत उतरवा म्हणावं."

मी परत देवापुढे जाऊन हात जोडले.

मैदानावर विमान झाडांपाशी आलं आणि डगमगलं. धाकटीने माझा दंड असा आवळला की वळ अजून आहेत. विमानाचं तोंड खाली गेलं. खालीच राहिलं. अगदी जमिनीशी अलगद सरळ झालं आणि गड्डे चिरडत कोबीत थांबलं.

"पास," मास्तरीणबाई उतरता उतरता म्हणाल्या. "टोपी घाला."

"तुम्हीही विमानातच होतात की!"

"मी पाहुणी."

आज भाऊजी टोपी घालूनच दुकानात निघाले.

"अहो, ती कालच्या संध्याकाळपर्यंतच होती ना?" धाकटी म्हणाली.

"राहू दे. ऊन लागत नाही."

मी दिव्यात तेल जरा जास्त घातलं. एका सकाळी देवाला दोनदा कामाला लावलं होतं.